आजारी कोण आणि दुबळा कोण? ब्रिटनमधील एक जुनी भिंत



ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा हा तेथील श्रमिक जनतेने मिळवलेला मोठा विजय होय, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या दिवशी ती सुरू झाली, त्याच ५ जुलै १९४८ या दिवशी दुसराही एक कायदा अमलात आला. तो म्हणजे राष्ट्रीय साहाय्य कायदा. त्याची चर्चा क्वचितच होते. आजाऱ्याला रुग्णालयात मोफत उपचार मिळू लागले. वार्धक्याने अगर पंगुत्वाने परावलंबी झालेल्यांची देखभाल मात्र स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आली, आणि तीही ऐपतीप्रमाणे शुल्क आकारून. दोन्ही कायदे अन्यूरिन बेव्हन या एकाच मंत्र्याच्या कारकिर्दीतले! वृद्धांनी हॉटेलातील पाहुण्यांप्रमाणे पैसे मोजून सन्मानाने राहावे, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात पुष्कळ वृद्धगृहे जुन्या वर्कहाउसच्या इमारतींतच भरली. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची दशा नोंदवली आहे. गरीब कायदा रद्द झाल्यालाही तेव्हा चौदा वर्षे लोटली होती.

मनुष्याच्या शरीरात अशी विभागणी कोठेही आढळत नाही. अर्धांगवायू झालेल्या एखाद्या वृद्धेला आंघोळ घालावयाची आहे. ही आंघोळ वैद्यकीय की सामाजिक? हा विनोद नव्हे. ‘वैद्यकीय स्नान’ आणि ‘सामाजिक स्नान’ असा भेद ब्रिटनमध्ये खरोखरच करण्यात आला. आरोग्य सेवेच्या परिचारिकेने घातली तर ती मोफत. स्थानिक संस्थेच्या सेविकेने घातली तर ऐपत पाहून तिचे बिल. कर्करोगाच्या उपचारांचा भार शासन उचलते. स्मृतिभ्रंश झालेल्यास मुख्यतः देखभाल लागते, म्हणून त्याच्या मत्तेची चौकशी होते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मत्ता असणाऱ्यास वृद्धगृहाचा खर्च स्वतःच सोसावा लागतो, आणि एकट्या राहणाऱ्याचे घरही सहसा त्या मत्तेत धरले जाते. २०१० साली ठरलेली ही मर्यादा महागाई वाढत असतानाही पुढे दीड दशक तशीच राहिली.

ही रेषा कोणाच्या पथ्यावर पडली? थॅचर यांच्या काळात रुग्णालयांतील वृद्धांच्या दीर्घ मुदतीच्या खाटा घटत गेल्या आणि खासगी वृद्धगृहांचा व्यवसाय फोफावला. गरजू रहिवाशांचे शुल्क सामाजिक सुरक्षा निधीतून दिले जाई. तो खर्च १९७९ मध्ये सुमारे १ कोटी पौंड होता. दशक संपता संपता तो १०० कोटींवर गेला. सरकारी पैशाने उभी राहिलेली ही बाजारपेठ होती! पुढे १९९० च्या कायद्याने, एप्रिल १९९३ पासून, हा भार स्थानिक संस्थांवर टाकण्यात आला. त्यासाठी वर्ग केलेल्या निधीपैकी ८५ टक्के रक्कम खासगी व स्वयंसेवी क्षेत्रावरच खर्च करावी, अशी अटही इंग्लंडमध्ये घातली गेली.

परिणाम रुग्णालयांनाच भोगावा लागतो. बरा झालेला वृद्ध घरी पाठवता येत नाही, कारण घरी पाहणारे कोणी नाही. त्याची खाट अडते आणि नवा रुग्ण बाहेर रुग्णवाहिकेत ताटकळतो. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडात अशा अडकलेल्या रुग्णांची संख्या दिवसाला १३,००० च्या वर गेली होती.

दोन्ही खाती एकत्र करा, असा सल्ला दरवेळी दिला जातो. उत्तर आयर्लंडमध्ये १९७३ पासून ती एकत्रच आहेत, तरी वृद्धगृहासाठी मिळकतीची चौकशी चुकलेली नाही. लंडनमधील मंत्रालयाच्या नावात ‘सामाजिक देखभाल’ हे शब्द २०१८ मध्ये जोडले गेले. शुल्क मात्र कायम राहिले. स्कॉटलंडने २००२ मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांची वैयक्तिक शुश्रूषा मोफत केली. निवासाचा खर्च तेथेही उरला, पण आंघोळीचे बिल गेले. इंग्लंडमध्ये नागरिकाच्या आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला, वारंवार लांबणीवर पडला आणि जुलै २०२४ मध्ये ती योजनाच सोडून देण्यात आली.

या साऱ्यात प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्यांची मजुरी तुटपुंजीच राहिली. देशात माणसे मिळेनात, तेव्हा फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी सेविकांना व्हिसा खुला झाला. भारतातूनही अनेक जण गेले. त्यांतील कित्येकांनी दलालांना मोठ्या रकमा मोजल्या होत्या. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरती बंद करण्यात आली आहे.