निरोप कोणाचा, कोणाला?



संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचा आराखडा काढतात. त्यात एक चित्र असते : यंत्रणेतला कोणता भाग कोणत्या भागाला, कोणत्या क्रमाने निरोप देतो, याचे. त्याला सीक्वेन्स डायग्राम म्हणतात. १९९७ साली मान्य झालेल्या यूएमएल या चित्रलिपीतले हे चित्र. वर चौकटीत भागांची नावे, प्रत्येकाखाली तुटक उभी रेघ, रेघांमधून आडवे बाण. काळ वरून खाली जातो. झाले! फळ्यावर हे दहा मिनिटांत सांगून होते आणि मुले भराभर बाण काढू लागतात. पण हा बाण का काढलास, असे विचारा, की गप्प.

म्हणून माझे सांगणे असे, की आधी खडू हाती घेऊच नका. चार मुले उभी करा. एटीएममधून ५०० रुपये काढायचे आहेत. एक मुलगा ग्राहक, दुसरा एटीएम, एक मुलगी बँकेचा संगणक, आणि चौथा नोटा मोजून बाहेर देणारा भाग. प्रत्येकाच्या हाती एक कार्ड : माझे काम काय, आणि मदत कोणाची घ्यायची. ही कार्डांची युक्ती केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन जाणकारांनी १९८९ मध्ये मांडली. एटीएम झालेला मुलगा बहुधा सगळी कामे आपल्याच कार्डावर लिहून घेतो; त्याला आवरा. खात्यात शिल्लक किती, हे त्याने मनाने सांगायचे नाही, बँकेला विचारायचे. विचारणे म्हणजे भरीव बाण, उत्तर म्हणजे उलटा तुटक बाण. मग तेच फळ्यावर उतरवा.

आता खरी गंमत बरं का! नोटा देणाऱ्या मुलाच्या कानात सांगा, ‘नोट अडकली.’ बँकेने तर पैसे खात्यातून वजा केले! वर्ग गोंधळतो. गोंधळू द्या. ‘नोटा निघाल्या नाहीत’ हा निरोप एटीएमने बँकेला द्यायला हवा, हे कोणीतरी बोलून दाखवील. चित्रात त्यासाठी ‘नाहीतर’ची वेगळी चौकट घालतात. ती राहून गेली, तर प्रोग्राममध्येही ती राहून जाण्याची भीती, आणि बाजाराच्या दिवशी एखाद्या म्हातारीचे पैसे अडकायचे. असे घडतेही. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ठरवून दिले, की अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत जमा व्हावी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई.

आणि तो निरोपच वाटेत हरवला तर? उत्तर लगेच सांगू नका. थोड्या वेळाने पाचवे मूल उभे करा : एटीएमची नोंद आणि बँकेची नोंद यांचा ताळा पाहणारे. फळ्यावर एक उभी रेघ वाढेल.