तान्ह्या बाळाचा श्वास आणि आरएसव्ही

आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू निरोगी प्रौढांना बहुधा सर्दीपलीकडे त्रास देत नाही. मात्र मुदतपूर्व जन्मलेल्या किंवा जन्मजात हृदयविकार असलेल्या तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांतील अतिसूक्ष्म श्वासनलिका त्यामुळे सुजून चिकट स्रावाने बुजतात आणि त्याला दूध ओढणेही कठीण होते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालणे, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. तयार प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, शरीरात पोहोचवणारे निर्सेव्हिमॅब हे इंजेक्शन २०२२ मध्ये युरोपात मान्य झाले. तथापि साबणाने धुतलेले हात, स्तनपान, धूरमुक्त घर आणि सर्दी झालेल्यांनी बाळाचे मुके टाळणे, हे उपाय प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यातले असून ते कसोशीने पाळलेच पाहिजेत.