लाइन पंपावर ‘थांब’ कोण म्हणणार?

(ब्युमॉन्ट, डब्लिन इथे एका रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आठवड्यात झोपायला मिळणारा एकच दिवस रविवार. तो सोडून तुम्ही आलात, म्हणून लांबण लावत नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, आधी पुण्याकडच्या साइटवर आणि आता इथे सुपरवायझर. आजचा विषय एकच आहे: ट्रकवर बसवलेला काँक्रीटचा लाइन पंप, आणि त्याच्या होजच्या टोकाला उभा राहणारा आपला माणूस.

हाच विषय का घेतला? बाहेर एक चक्कर मारा. ब्युमॉन्टमध्ये जोडघरं कितीतरी. पुढे छोटी जागा, मागे परसबाग, आणि मागे जायला घराच्या बाजूने एक चिंचोळी वाट. मागच्या बाजूला खोली वाढवायची म्हटलं की पाया आणि कोबा घालायला काँक्रीट मागे न्यायचं कसं? मिक्सर तिथे जात नाही. मोठा बूम पंप उभा करायचा तर त्याचे पाय पसरायला जागा लागते आणि वर विजेच्या तारा असतात. घमेल्याने किंवा ढकलगाडीने न्यायचं तर दिवस जातो आणि कंबर जाते. मग लाइन पंप येतो. ट्रक रस्त्यावर उभा राहतो, पाईप त्या चिंचोळ्या वाटेने मागे जाते आणि शेवटी रबरी होज. तिथे उभं कोण? बहुतेक वेळा आपल्यातलाच कोणीतरी.

बूम पंप आणि लाइन पंप यांच्यात फरक इथेच आहे. बूम पंपात पाईपचं वजन यंत्राचा हात उचलतो. लाइन पंपात पाईप जमिनीवर असते, आणि ती जोडणं, ओढणं, हलवणं, सोडणं, धुणं सगळं माणूस करतो. म्हणजे दाबाखाली असलेल्या पाईपच्या सगळ्यात जवळ सगळ्यात कमी पगाराचा माणूस असतो. ऑपरेटर लांब ट्रकपाशी रिमोट घेऊन उभा. मध्ये घर. त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसत नाही.

आता यंत्र समजून घेऊ, कारण समजल्याशिवाय ‘थांब’ म्हणायची हिंमत येत नाही.

मिक्सर माल हॉपरमध्ये ओततो. हॉपरखाली दोन सिलिंडर असतात. एक माल आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो. हॉपरच्या आत इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वाकडी नळी असते. ती कधी या सिलिंडरसमोर, कधी त्या सिलिंडरसमोर झटक्यात सरकते. हॉपरवरची जाळी त्यासाठीच असते. मोठा दगड अडकला म्हणून जाळी उचलून हात घातला, तर त्या नळीच्या झटक्यात हात जागेवर राहत नाही. यंत्र बंद, चावी ऑपरेटरच्या खिशात, दाब उतरलेला, एवढं झाल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही. जाळीवर पाय देऊन उभं राहायचं नाही.

आता दाब. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते. काँक्रीटच्या लाइनमध्ये दाब ७० बारपर्यंत जाऊ शकतो. १२५ मिलिमीटर व्यासाची पाईप धरा आणि गुणाकार करा: ७० बारला पाईपच्या तोंडावर साधारण पावणेनऊ टनांचं बळ येतं. हे सगळं अडवून धरतो एक क्लॅम्प आणि त्याची छोटीशी पिन. म्हणून पिन नसलेला क्लॅम्प म्हणजे ‘चालतंय की’ म्हणायची गोष्ट नाही. वजनही बघा. त्याच पाईपचा ३ मीटरचा एक तुकडा भरला की आत साधारण ८८ किलो काँक्रीट, वर पाईपचं लोखंड वेगळं. भरलेली पाईप एकट्याने उचलायला सांगितली तर ते काम एकट्याचं नाही हे आकडाच सांगतो.

अपघात कुठे होतात? चार जागा सांगतो.

पहिली, होजचा फटका. लाइनमध्ये हवा शिरली की ती दाबली जाते, आणि पुढचा माल सुटला की हवा एकदम मोकळी होते. होजचं टोक सापासारखं उसळतं. हवा शिरते कधी? पंप सुरू करताना, थांबवून पुन्हा सुरू करताना, चोकअप सुटताना, आणि हॉपरमधला माल फार खाली गेला की. म्हणून या वेळी टोकापाशी कोणी उभं राहायचं नाही. होजची लांबी असेल तेवढं तरी सगळ्या बाजूंनी दूर, आणि माल एकसारखा यायला लागल्यावरच पुढे जायचं. होज मांड्यांत धरायची नाही, खांद्यावर घ्यायची नाही, तोंडात डोकावून ‘येतंय का’ बघायचं नाही. टोकाला लोखंडी तुकडा किंवा क्लॅम्प लावायचा नाही, कारण होज उसळली की तोच हातोडा होतो.

ब्युमॉन्ट हॉस्पिटल तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. १९८७ साली सुरू झालं, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचं देशातलं राष्ट्रीय केंद्र तिथेच आहे. डोक्याला जबर मार लागलेले पेशंट लांबलांबून तिथे आणतात. आपण रोज त्या गेटवरून बस पकडतो. साइटवरून आत जायची वेळ कोणावर येऊ नये, एवढंच म्हणतो.

दुसरी जागा, चोकअप. माल कोरडा असला, मिक्सर उशिरा आला, आधी सिमेंटची स्लरी सोडली नाही, क्लॅम्पमधून पाणी गळून खडी कोरडी पडली, की लाइन चोक होते. जास्त करून बेंडमध्ये किंवा जिथे पाईप लहान होते तिथे. पाईप झटके देते, पंपाचा आवाज बदलतो. रीत अशी: पंप थांबवायचा, ऑपरेटरने उलटा चालवायचा, मग हळू पुढे. दोन-तीनदा करून सुटलं नाही, तर पुन्हा उलटा चालवून दाब उतरवायचा, यंत्र बंद करायचं आणि मगच क्लॅम्प. चोक कुठे आहे ते पाईपवर ठोकून कळतं. मोकळी पाईप खणखणते, भरलेली बद्द वाजते. क्लॅम्प खोलायचं काम पंपवाल्या प्रशिक्षित माणसाचं. खोलताना तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा, समोर कोणी नाही.

एका साइटवर, नाव घेत नाही, फोरमनला घाई होती. मिक्सर रांगेत उभे. त्याने आपल्या एका लातूरच्या पोराला हातोडी दिली आणि क्लॅम्प मारायला सांगितला. पोराने विचारलं, प्रेशर उतरलं का? उत्तर मिळालं, तू मार. पोराने हातोडी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. फोरमन चिडला, ओरडला. तेवढ्यात पलीकडून ऑपरेटर आला, त्याने गेज बघितलं आणि काही न बोलता पंप उलटा चालवला. लाइनमध्ये दाब होता. दुसऱ्या दिवशी त्या पोराला सांगण्यात आलं, पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस. या गोष्टीकडे मी परत येतो.

तिसरी जागा, धुणं. काम संपलं, सगळे थकलेले, स्पंजचा गोळा घालून लाइन साफ करायची. पाण्याने करता आली तर पाण्याने. हवेनेच करायची तर पुढची रबरी होज आधी काढायची, टोकाला गोळा पकडणारी जाळीची टोपली बसवायची आणि समोरून सगळ्यांना हटवायचं. हवेने सुटलेला गोळा आणि त्याच्यापुढची खडी बंदुकीसारखी येते.

चौथी जागा दिसत नाही: तुमची कातडी. ओलं काँक्रीट चुन्यासारखं जहाल असतं, पीएच १२ ते १३. लगेच दुखत नाही, म्हणून फसायला होतं. गमबुटात माल गेला, तसंच चार तास काम केलं, संध्याकाळी मोजा काढला तर कातडी मोज्याबरोबर. गुडघे टेकून कोबा घासू नका. बुटात माल गेला की तिथल्या तिथे बूट काढून भरपूर साध्या पाण्याने धुवा, आणि दुखत नसलं तरी फर्स्ट एडवाल्याला दाखवा.

आता कोणीतरी म्हणेल, दादा, हे सगळं खरं, पण ‘थांब’ म्हटलं तर उद्या काम राहील का? प्रश्न बरोबर आहे. त्या लातूरच्या पोराचं तेच झालं. म्हणून कायदा सांगतो.

आयर्लंडमध्ये २००५ चा कामाच्या जागी सुरक्षा, आरोग्य आणि कल्याणाचा कायदा आहे. त्यातली कलमं पाठ करायची गरज नाही, पण पाच गोष्टी डोक्यात ठेवा.

एक: सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण तुम्हाला समजेल अशा रीतीने, गरज असेल तर समजेल अशा भाषेत देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम ९ आणि १०. भराभर इंग्रजीत वाचून ‘साइन हिअर’ म्हणणं म्हणजे प्रशिक्षण झालं नाही. समजलं नाही तर सही करू नका. ‘आय डोन्ट अंडरस्टँड, प्लीज एक्सप्लेन’ म्हणा, नाहीतर इंग्रजी येणाऱ्या आपल्या माणसाला बोलवा. प्रशिक्षणाच्या वेळेचा पगारही कापता येत नाही.

दोन: सुरक्षेचा खर्च मालकाचा. हातमोजे, चष्मा, गमबूट यांचे पैसे पगारातून कापले तर विचारा.

तीन: गंभीर आणि समोर उभा असलेला धोका असेल तर काम थांबवून सुरक्षित जागी जाता येतं, आणि तशी व्यवस्था मालकाने ठेवायची असते. कलम ११.

चार: तक्रार केली म्हणून किंवा अशा धोक्यातून बाजूला झालात म्हणून कामावरून काढणं, पगार किंवा तास कमी करणं, धमकावणं याला कलम २७ ची बंदी आहे. असं झालं तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे तक्रार करायची. मुदत ६ महिने. सबळ कारण असेल तर १२ महिन्यांपर्यंत वाढू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तक्रारीला फी नाही. साइटच धोक्याची असेल तर हेल्थ अँड सेफ्टी अथॉरिटीला कळवायचं.

पाच: कामगारांना आपला सेफ्टी रिप्रेझेंटेटिव्ह निवडता येतो. साइटवर नेहमी २० पेक्षा जास्त माणसं असतील तर त्याची सोय करणं मुख्य ठेकेदाराच्या बाजूने सुरक्षेचं काम बघणाऱ्याकडे येतं. आपल्यातला कोणी त्या जागेवर उभा राहिला तर काय बिघडतं?

परमिटची भीती सगळ्यात मोठी, हे मला माहीत आहे. ‘मालक सुटला की देश सुटला’ असं सांगून माणसाला गप्प करतात. एम्प्लॉयमेंट परमिटचा नवा कायदा २ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार पहिल्या मालकाकडे ९ महिने झाले की, त्याच प्रकारच्या कामासाठी, नवीन परमिट न काढता मालक बदलायला अर्ज करता येतो. आणि तुमचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं किंवा भरतीचा खर्च पगारातून कापणं बेकायदा आहे.

हक्क कागदावर असतो, पण तो वापरायला पुरावा लागतो. म्हणून रोजची एक सवय लावून घ्या. फोनमध्ये तारीख, साइट, कोण ऑपरेटर, काय सांगितलं, तुम्ही काय म्हणालात, कोण होतं तिथे, दोन ओळी मराठीत लिहून ठेवा. पगाराची पावती, करार, सेफ पास कार्ड यांचे फोटो घरच्यांना पाठवून ठेवा. सेफ पासची मुदत ४ वर्षं असते, तीही बघून घ्या. त्या पोराच्या फोनमध्ये त्या दिवसाची तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहिलेले होते. सहा महिन्यांच्या आत त्याची तक्रार दाखल झाली, ती त्या दोन ओळींच्या जोरावर.

जे आखातात आहेत, सिंगापूरला आहेत, आणि हे वाचतील, त्यांच्यासाठी. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, तो तिथल्या माणसाला विचारून घ्या. पण पंप तोच आहे. दुबईच्या बुर्ज खलिफावर काँक्रीट पंपाने ६०६ मीटर उंचीपर्यंत चढवलं, ज्या पुट्झमायस्टर कंपनीच्या पंपाने ते झालं, तिचा कारखाना आपल्या गोव्यात वेर्ण्यालाही आहे. हे यंत्र आपल्याला परकं नाही. आपलीच माणसं ते बनवतात, आपलीच त्याच्या टोकाला उभी असतात. मग त्याचं ज्ञान फक्त ऑपरेटरकडे का राहावं?

उद्या सोमवार. पंप लागणार असेल तर माल यायच्या आधी, चहाच्या वेळी, ऑपरेटरकडे जा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या. घर मध्ये आलं तर निरोप कोण देणार, म्हणजे दोघांनाही दिसेल असा मधला माणूस कोण. थांबायची खूण कोणती. आणि ती खूण केली की कोणीही असो, फोरमन असो की बिगारी, पंप थांबणार का. बहुतेक ऑपरेटर हो म्हणतात, कारण त्यांनाही संध्याकाळी घरी जायचं असतं. शब्द पण पाठ करा: ‘स्टॉप पंप’, ‘रिव्हर्स’, ‘इज द प्रेशर ऑफ?’ शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट ‘येस’ मिळेपर्यंत हात खिशात.

अपघात झालाच तर ११२ किंवा ९९९. पत्ता आधीच माहीत असू द्या, साइटचा एअरकोड फोनमध्ये ठेवा.

आता चहा आहे. ज्यांच्याकडे सही केलेले पण न समजलेले कागद आहेत, ते बाहेर काढा. बसून एकेक वाचू.