दान, पावती आणि आयकर

कवठे येमाईसारख्या गावात वर्गणी कुणाला चुकलेली नाही. येमाईची यात्रा, सप्ताहाची पंगत, शाळेची खोली, कुणाच्या तरी ऑपरेशनला मदत. गावातली मंडळी कांद्याच्या पट्टीतून देतात; रांजणगावच्या एमआयडीसीत किंवा पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पगारातून देतात. मार्च महिना आला, की ही नोकरदार मंडळी मला विचारतात, ‘‘गावाला एवढे दिले, टॅक्समध्ये काही सुटेल का?’’

१९६१ च्या आयकर कायद्यात ही सवलत कलम ८०जी मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ती ठेवलेली आहे. मात्र ती प्रत्येक पावतीवर मिळत नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असणे पुरेसे नाही; त्याला आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते, आणि ती मुदतीची असते. उत्सव समितीच्या पावतीबुकावर सवलत मिळत नाही. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेलाही सहसा ही मान्यता नसते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा राज्यभर ख्याती असलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा तेवढा अपवाद आहे. म्हणून देणगी देण्यापूर्वी विचारावे, ‘‘तुमची ८०जी ची मान्यता आज चालू आहे का?’’

आता हिशेब पाहू. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. दहा हजार दिले, तर पाच हजार वजा. तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह १,०४० रुपये वाचतात. दहा हजारांचा कर माफ होतो, हा समज खोटा आहे. मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या काही निधींना दिलेली रक्कम मात्र पूर्ण वजा होते.

दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलेत, तर त्या रकमेवर काहीच सवलत नाही. २०१७ पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. तेव्हा चेकने किंवा बँकेतून द्या. शाळेला बाक दिले, पंगतीला तांदळाची पोती दिली, तर पुण्य लाभेल, वजावट नाही. २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मागून घ्या.

शेतकरी बांधवांचे काय? शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून ज्यांचे उत्पन्न फक्त शेतीचे, त्यांना या सवलतीचा उपयोगही नाही. नोकरदारांनीही एक पाहावे. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट मिळत नाही. ती हवी असेल, तर जुनी पद्धत निवडावी लागते. पण नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही. त्यामुळे केवळ देणगीसाठी जुन्या पद्धतीत जाण्यापूर्वी दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ‘‘शंभरातले पाच द्या, शंभराची पावती देतो, रिफंड मिळवून देतो,’’ असे सांगणारे एजंट भेटतात. एका तरुण कामगाराला असाच रिफंड मिळाला आणि पुढे नोटीस आली. तोवर एजंटाचा फोन बंद झाला होता. विवरणपत्र त्या मुलाच्या नावाचे, म्हणून जबाबदारीही त्याचीच. अशा प्रकरणात कर आणि व्याज तर भरावे लागतेच, शिवाय चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. संस्थेने कळवलेल्या यादीशी तुमचा दावा ताडून पाहणे आता खात्याला सोपे झाले आहे.

गावातल्या ट्रस्टच्या विश्वस्तांनाही एक विनंती. तुमचे काम शिक्षणाचे, आरोग्याचे असेल, तर आयकर खात्याकडे मान्यतेसाठी अर्ज करा. बाहेरगावी असलेल्या आपल्याच मुलांकडून मदत मागणे त्यामुळे सोपे होईल. आणि देणाऱ्यांनो, मंदिराच्या वर्गणीवर कर सुटत नाही म्हणून हात आखडू नका. फक्त जे सुटत नाही, ते विवरणपत्रात दाखवू नका.