अधिकार कायद्यात, बळ ग्रामसभेत

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आपण नेहमी ऐकतो. त्याची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. आपल्या बाजूचा कायदा आपल्यालाच ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा, तसाच वनांचाही आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत मोहफूल, तेंदूपत्ता आणि बांबू यांच्या आधाराने अनेक घरांचा संसार चालतो. अशा कुटुंबांसाठी संसदेने 2006 साली वनहक्क कायदा संमत केला. वननिवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे.

13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून उपजीविकेसाठी वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा हक्क हा कायदा कमाल 4 हेक्टरपर्यंत मान्य करतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. विवाहितांचे हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे निघते. ही जमीन वारसांना मिळते, विकता मात्र येत नाही. याखेरीज गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा, तसेच गावाचे वन राखण्याचा सामूहिक हक्क आहे. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 साली तो मिळवला आणि 2011 पासून स्वतःच्या अधिकारात बांबूची विक्री केली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने 'पेसा' कायदा येथे लागू नाही. म्हणून वनहक्कही नाहीत, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही.

दाव्याचा आरंभ कोणत्याही कचेरीत होत नाही, तो ग्रामसभेत होतो. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते आणि ग्रामसभा ठराव करते. त्यानंतर प्रकरण उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जाते. पुरावा म्हणून केवळ सरकारी कागदच लागतो असे नाही. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुने घर, शेताचा बांध हेही नियमांनुसार ग्राह्य आहेत. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही.

दावा फेटाळला गेल्यास कारण कळवणे बंधनकारक आहे आणि वरच्या समितीकडे दाद मागण्यासाठी 60 दिवसांची मुदत आहे. या तरतुदीचे मोल 2019 साली दिसून आले. दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी 13 फेब्रुवारीला दिला आणि 28 फेब्रुवारीला त्यास स्थगिती दिली. दावे फेटाळताना विहित पद्धत पाळली होती का, हाच तेव्हा कळीचा प्रश्न ठरला. ज्याच्यापाशी अर्जाची पोच नाही, नकाराचा कागद नाही, त्याने या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधारे द्यावे?

म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा. कागद मिळत नसेल, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, बालके, दिव्यांग व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते.

कार्यकर्त्याचे काम लोकांच्या वतीने अर्ज लिहून संपत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा कायदा मोठ्याने वाचून दाखवा, अवघड शब्द समजावून सांगा, प्रश्न विचारू द्या. नागरिक आपला हक्क याचना म्हणून नव्हे, तर कलमाचा आधार देऊन मागू लागेल, त्या दिवशी संविधान खऱ्या अर्थाने गावात पोहोचले असे म्हणता येईल.