गोळी, गणित आणि गावाचे वागणे
(दवनीवाडा येथील भाषण)



एड्स म्हटले की आपण कुजबुजतो. आज मोठ्याने बोलू या. एच.आय.व्ही.ची लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी निघाली आहे. ती किती उपयोगी पडते, हे गणित सांगते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स अभ्यासात सहा देशांतील २,४९९ जणांनी भाग घेतला. गोळीच्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे औषध अर्धेमुर्धेच गुणकारी काय? तसे नव्हे. रक्त तपासल्यावर कळले, की पुष्कळांनी गोळ्या नियमित घेतल्याच नव्हत्या. २०१२ साली शास्त्रज्ञांनी शरीरातील औषधाचे प्रमाण आणि लागणीचा धोका यांचे गणित मांडले. त्याचा अंदाज असा : आठवड्याला दोन गोळ्यांनी ७६ टक्के, चारांनी ९६ टक्के आणि रोज घेतल्यास ९९ टक्के संरक्षण. हा अंदाज पुरुषांतील समलिंगी संबंधांपुरता आहे. स्त्रियांनी तर गोळी रोजच घ्यायला हवी.

आता आपण हिशेब करू. समजा, गोळीवाचून हजारांत ४० जणांना लागण होणार होती. ९६ टक्के गुणकारी गोळी निम्म्यांनीच घेतली, तर १९ वाचतील, २१ जणांना लागण होईलच. दोष औषधाचा नाही, न घेतलेल्या गोळीचा आहे.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनेही अशा कामात वाटा उचलला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात बाधित जोडीदारावर लवकर उपचार केले. त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असे २०११ साली जाहीर झाले.

मग गोळी चुकते का? डबी कुणी पाहील, गावात चर्चा होईल, या भीतीने माणूस ती लपवतो आणि विसरतो. म्हणजे आपल्या जिभेचा आकडाही या गणितात असतो. २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण कुजबूज कायद्याने थांबत नाही, ती आपणच थांबवायची आहे.

प्रतिबंधक गोळी सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी आवश्यक आहे. इतर गुप्तरोगांपासून ती वाचवीत नाही, म्हणून निरोध हवाच. शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर विचारा. तपासणीला जाणाऱ्याला हसू नका, त्याच्यासोबत जा.