रक्तात आले म्हणजे कपाळी लिहिले नव्हे
(कर्जत येथे आरोग्य शिबिराच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



वीटभट्टीवरचा चाळिशीचा माणूस छातीत कळ येऊन गेला, की वाडीत विचारतात, "कशानं गेला?" शास्त्रज्ञांचाही प्रश्न हाच आहे. हृदयविकाराच्या रुग्णांत अनेक गोष्टी एकत्र आढळतात. त्यांतले खरे कारण कोणते आणि नुसती खूण कोणती?

आईबापांकडून कोणते जनुक मिळणार, हे गर्भधारणेच्या वेळीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. पुढे गरिबी येवो वा व्यसन, ते बदलत नाही. म्हणून जन्मापासून रक्तात एखादा घटक कमी असणाऱ्यांना विकारही कमी होतो का, हे पाहिले की कारण सापडते.

२००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीएसके-९ या जनुकातील बदलामुळे काही कृष्णवर्णीयांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे २८ टक्के कमी होते. त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. उलट, ज्यांचे 'चांगले' एचडीएल जनुकामुळेच जास्त होते, त्यांना झटक्यापासून संरक्षण मिळाले नाही, असे २०१२ मध्ये दिसले. एलडीएल कारण ठरले, एचडीएल नुसती खूण. रक्तदाब आणि धूम्रपान हीही याच कसोटीवर कारणे ठरली.

असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. आता जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकांचे वाचन झाले असून त्यांत आदिवासी समाजही आहेत. उद्या कोणी आपल्या कातकरी वा ठाकर वाड्यांवर रक्त मागायला आले, तर ते कशासाठी हे लोकांना त्यांच्या बोलीत समजले पाहिजे. नको म्हणण्याचा हक्कही त्यांचाच.

आपल्याला मात्र जनुक तपासणीची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक शिबिरात रक्तदाब मोजा. मशेरी, बिडी सोडायला मदत करा. कमी वयात झटका आलेल्या माणसाच्या भावंडांचे आणि मुलांचे कोलेस्टेरॉल तपासा. आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या एका प्रकारात प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली स्टॅटिनची गोळी धोका बराच कमी करते.

आपण दिलेल्या देणगीतून रक्तदाबाचे एक यंत्र आले, तर ते अनेक वाड्या फिरेल. "आमच्या घराण्यातच आहे" असे कोणी म्हणाले, तर तिथे थांबू नका. तिथूनच तपासणी सुरू करा.